बत्ताशीच्या उजव्या दाढा

घोड्याच्या दाढेवर कानस चालते त्याचा आवाज ज्यानं कधी ऐकला नाही, त्याला तो सांगून समजणं अवघड आहे. खडबडीत फरशीवरून कुणी पत्र्याची पेटी ओढत न्यावी तसा तो सुरू होतो. चांगले दहा-पंधरा हात मारून झाले की हळूहळू मऊ पडत जातो आणि शेवटी लाकडावर रंधा फिरावा तसा नुसता सरसर वाहतो. कसबा बावड्यातल्या आमच्या अंगणात दिवाळीनंतरचे दोन-तीन रविवार हा आवाज सकाळपासून चालायचा. शेजारच्या बायका दात शिवशिवतात म्हणून दारं लावून घ्यायच्या. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, सुजाताला, मात्र तो आवाज म्हणजे थंडी आल्याची वर्दी वाटायचा. त्याच सुमाराला साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा, मळीचा आंबूस-गोड वास घरात शिरायचा, आणि त्या वासात टिंक्चर, पोटॅशचं पाणी आणि घोड्यांचा घाम मिसळून आमचा रविवार तयार व्हायचा.

आबा, म्हणजे माझे वडील, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरून ठेवणं हे त्यांचं काम. घोड्याच्या दातांचा नाद त्यांना एका जुन्या डॉक्टरसाहेबांनी लावला होता, आणि बदली होऊन जाताना साहेबांनी आपली लांब दांड्याची कानस आबांना देऊन टाकली होती. तोवर बहुतेक टांगे रिक्षांनी संपवले होते. ज्यांच्या दावणीला अजून घोडी उरली होती, त्यांनी ती वरातीसाठी ठेवली होती. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू होई, म्हणून त्याआधी सगळ्यांची वर्षाची देखभाल उरकायची. धनुर्वाताची सुई दवाखान्यात डॉक्टर द्यायचे, जंताचं औषध मालक घरीच गूळ-कोंड्यात कालवून चारायचा, खूर नालबंद कापायचा, आणि दातांसाठी सगळे आमच्या अंगणात यायचे.

"घोड्याचा दात वाढतच असतोय," आबा येणाऱ्या प्रत्येकाला नव्यानं समजावायचे. "चावून झिजतोय खरा, पर तिरका झिजतोय. वरच्या दाढंची भायली कड आन् खालच्या दाढंची आतली कड इळ्यागत धार धरती. वरची गाल कापती, खालची जीभ. घोडं बिचारं सांगतंय व्हय कुणाला? ते नुसतं वाळत जातंय." मग ते घोड्याच्या तोंडात बाजूनं हात घालून जीभ पकडायचे आणि एका अंगाला बाहेर ओढून धरायचे. आपलीच जीभ दातांखाली येईल म्हणून घोडं तोंड मिटत नाही. दुसऱ्या हातानं कानस आत. डाव्या दाढा झाल्या की जीभ दुसऱ्या बाजूला ओढून उजव्या. शेवटी बोट फिरवून कड पाहायची. पण आबांची खरी परीक्षा कानाची होती. मान किंचित वाकडी करून ते ऐकायचे, आणि आवाज मऊ झाला की म्हणायचे, "बसला सूर." त्यांनी 'बसला सूर' म्हटलं की ते घोडं वर्षभर सुटलं, असं सगळे मानायचे.

आलेल्या प्रत्येकाला आई हुलग्याचं माडगं द्यायची, वरून तुपाचा थेंब आणि सोबत भाकरी-खरडा. घोडीवाले दस्तगीरचाचा वाटी तोंडाला लावायच्या आधी दर वर्षी एकच विनोद करायचे. "वहिनी, सकाळी घोडीला बी हुलगंच घातलं. आता मालकाला बी. उद्यापास्नं मी बी खिंकाळतोय बघा." आई म्हणायची, "खिंकाळा की, पर लाथ मारू नगा." चाचा पूर्वी टांगा चालवायचे. उंच, किडकिडीत, डोक्यावर जाळीची टोपी, आणि आवाज असा की चौकात हाक मारली तर कारखान्याच्या गेटवर ऐकू जावी. त्यांची घोडी पांढरी शुभ्र, म्हणून तिचं नाव बत्ताशी. बावड्यातले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेले होते. बँड वाजो, फटाके फुटोत, ती आपली शांतपणे चालायची, जणू लग्न तिच्याच घरचं आहे.

माझं बारावीचं वर्ष होतं. दवाखान्यात एका म्हशीनं गव्हाणीशी दाबल्यामुळे आबांचा उजवा पंजा मोडला आणि ऐन दिवाळीत प्लास्टरमध्ये गेला. दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली कानस चालवत होतो, म्हणून त्या वर्षी त्यांनी ती माझ्याकडे दिली. आबांना अंगणात बसू दिलं तर ते मोडका हात घोड्याच्या तोंडात घातल्याशिवाय राहणार नाहीत, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तिनं त्यांना आतल्या खोलीत खाटेवर बसवलं आणि बाहेरून कडी घातली. "हितनं ऐका काय ऐकायचं ते," म्हणाली. आबा खिडकीतून ओरडून सूचना देत राहिले.

दोन घोडी झाली तेव्हा दुपार व्हायला आली होती. त्या दिवशी स्टेडियमवर आमच्या तालमीच्या संघाचा फुटबॉल सामना होता. फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटणार नाही. मित्र कोपऱ्यावर सायकली घेऊन उभे होते आणि शिट्ट्या मारत होते. शेवटची राहिली ती बत्ताशी. चाचा म्हणाले, "मिलिंद, तू तर घरचाच. मी आत आबासंगं च्या पितो." आईनं कडी काढून त्यांना आत सोडलं आणि पुन्हा लावली. अंगणात मी, दावं धरलेली सुजा आणि बत्ताशी. डावी बाजू मी मन लावून केली. आतून आबांचा आवाज आला, "बसला सूर. आता उजवी." बाहेरून पुन्हा शिट्टी आली.

उजव्या दाढांवर मी कानस लावलीसुद्धा नाही. आमच्या अंगणात पाण्याची दगडी डोण होती. तिच्या काठावर मी कानस घासायला सुरुवात केली. आधी जोर लावून, खरखरीत. मग हात हलका करत, थांबत, दाढ बदलल्यासारखं करत, शेवटी सरसर. कुठे काय आवाज व्हायला पाहिजे हे मला आबांनीच शिकवलं होतं. सुजाचे डोळे हे एवढे मोठे झाले. बत्ताशीसुद्धा मान वळवून डोणीकडे पाहत होती. आतून आबा म्हणाले, "वा! उजवी तर डावीपरास झ्याक बसली." चाचा म्हणाले, "पोरगं तुमच्या पुढं जाणार बघा." मी हात धुतले आणि पळालो. तो सामना शून्य-शून्य सुटला. एकही गोल झाला नाही. आज पन्नाशीच्या घरात असताना मी माझ्या आयुष्यातल्या लबाड्या आठवायला बसतो तेव्हा एवढं कसब दुसऱ्या कुठल्याच लबाडीत दिसत नाही, आणि एवढा कमी मोबदलाही.

पंधरा-वीस दिवसांनी चाचा घरी आले ते चेहरा पाडूनच. बत्ताशी कडबा अर्धवट चावून त्याचे ओले बोळे खाली टाकत होती. खाणं अंगी लागत नव्हतं. लगाम चढवताना डोकं झटकत होती. ही सगळी लक्षणं दातांची, हे आमच्या घरातलं मांजरसुद्धा सांगू शकलं असतं. आबांनीही आधी दातांचंच नाव घेतलं, पण लगेच स्वतःलाच खोडून काढलं. "दात न्हवं. दात मी माझ्या कानानं ऐकल्यात." मग जंताचं औषध पुन्हा झालं. डॉक्टरांनी ताप पाहिला, पोट पाहिलं, शेण तपासलं. आबांनी दात झाल्याचं सांगितलं होतं, म्हणून त्यांनीही तोंड उघडून बघायची तसदी घेतली नाही. चाचींनी दृष्ट काढली. मी काहीच बोललो नाही. सुजा मात्र रोज बोलायची. "दादा, माझी भांडी घास. न्हायतर डोणीचं सांगीन." मी भांडी घासायचो. रविवारी विहारात वंदनेला बसलो की पंचशीलातल्या चौथ्या शीलापर्यंत माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. 'मुसावादा' आलं, की खोटं बोलणार नाही असं म्हणायची पाळी आली, की मला खोकला यायचा. सुजा मागून पाठ थोपटायची.

मग गल्लीतल्या एका पैलवानाचं लग्न निघालं. नवरदेव चांगला भरभक्कम, पण स्वभावानं गाईसारखा. त्याचे मामा मात्र कडक, मिशीवाले, सगळ्या लग्नाचा ताबा त्यांच्याकडे. वरात बावड्याच्या चौकापर्यंत थाटात आली. कार्यालय उजव्या हाताला. बँड वाजत वाजत उजवीकडे वळला, पाठोपाठ नाचणारी पोरं वळली. चाचांनी लगामाची उजवी दोरी ओढली. बत्ताशीनं मान वर फेकली, दोन पावलं मागे सरली आणि सरळ पुढे चालू लागली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. डावीकडे म्हणाल तर वळत होती, उजवीकडे नाही. बँड एकीकडे आणि नवरदेव दुसरीकडे.

"ओ चाचा, कुठं निघालाय?" मामा ओरडले. "पोरगी हिकडं हाय!"

"वळंना झालीय मामा, काय करू?"

"मी उतरून चालत जातो की," वरून नवरदेव म्हणाला.

"गप बस वर! नवरदेव चालत आला तर पावणं काय म्हंतील?"

चाचांनी क्षणभर विचार केला. टांग्याचा जुना माणूस, बावड्यातला प्रत्येक बोळ पाठ. "हरकत न्हाय. तीन डाव्या म्हंजे एक उजवी. चला!" असं म्हणून त्यांनी बत्ताशीला पुढच्या बोळात डावीकडे घातलं. मग पिठाच्या गिरणीजवळ पुन्हा डावीकडे. गिरणीवाला पांढऱ्या भुवयांनी बाहेर येऊन पाहू लागला. नवरदेवानं सवयीनं त्याला नमस्कार केला. तिथं एका गोठ्यापुढं म्हशी आडव्या बसल्या होत्या. मामा, चाचा आणि दोन करवल्यांनी मिळून त्या उठवल्या. मुंडावळ्या एका कानात अडकलेल्या, घामाघूम झालेला नवरदेव म्हशींमधून वाट काढत तिसऱ्यांदा डावीकडे वळला आणि चौकात उलट्या बाजूनं प्रकटला. तिथं बँडवाले वाद्यं खाली ठेवून नवरदेव हरवला म्हणून उभे होते. त्याला पाहताच त्यांनी एवढ्या जोरात सुरुवात केली की सगळा चौक हसला. मीही हसलो. हसता हसता माझी नजर बत्ताशीच्या तोंडाकडे गेली. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गुलाबी फेस येत होता. माझं हसू तिथंच थांबलं.

कार्यालयाच्या दारात मामांनी सगळ्यांदेखत चाचांना सुनावलं. "खोडीची घोडी लग्नाला आणता व्हय? लाज न्हाय वाटत? बावड्यात हिच्यावर आता कोण बसतंय ते बघतोच मी." आमच्याकडे घोड्याला खोडीचं म्हटलं की संपलं. एक वेळ उशिरा आलेली घोडी चालते, म्हातारी चालते, पण खोडीची घोडी कुणी नवरदेवाला देत नाही.

दोन दिवसांनी सकाळी मी अंगणात दात घासत होतो, आई भाकऱ्या थापत होती. चाचा आले आणि माडगं नको म्हणाले. "आबा, बेस्तरवारी यापारी येणार हाय. इटंच्या भट्टीवर घोडी लागत्यात त्याला. बत्ताशीला देऊन टाकतोय. चार जागच्या सुपाऱ्या परत गेल्या. दातावरनं तिचं वय तेवढं बघून सांगा, तो माझ्यावर इस्वास ठेवायचा न्हाय. तुमचा शब्द मानंल." आबांचं प्लास्टर कालच निघालं होतं. त्यांनी पायात चपला घातल्या.

वीटभट्टीवरची घोडी मी पाहिली होती. त्यांच्या पाठीवर नवरदेव नसतो. मी तोंडातली पेस्ट थुंकली आणि म्हणालो, "आबा, तिच्या उजव्या दाढा मी घासल्याच न्हाईत."

आईची भाकरी थापायची थांबली.

"घासल्यास की," आबा म्हणाले. "मी ऐकलंय."

"ती डोण हुती."

आबांना ते कळायलाच वेळ लागला. मग ते घरात गेले आणि कानस घेऊन बाहेर आले. मला वाटलं, आता ती माझ्या पाठीत बसणार. ते डोणीपाशी उकिडवे बसले. नुकत्याच सुटलेल्या, बारीक झालेल्या हातानं त्यांनी काठावर कानस ओढली. मान वाकडी करून ऐकली. पुन्हा ओढली, हलक्या हातानं. मग माझ्याकडे वळले. "शेवटाला कशी केलतीस? दाखव." मी कानस घेतली आणि शेवटचा सरसर आवाज काढून दाखवला. "आयला," आबा म्हणाले, "हुबेहूब." चाचा डोळे फाडून एकदा दगडाकडे, एकदा आमच्याकडे पाहत होते. सुजा दारातून म्हणाली, "मला सगळं म्हाईत हुतं," आणि त्या दिवशीचा एकमेव धपाटा तिला बसला, आईकडून.

आम्ही तिघे चाचांच्या घरी गेलो. आबांनी बत्ताशीच्या उजव्या गालावर बाहेरून अंगठा दाबला. ती कळवळून मागे सरली. तोंड उघडून पाहिलं तर गालाला आतून बोटभर लांबीची जखम, आणि लगामाची उजवी दोरी ओढली की गाल नेमका त्या धारेवर दाबला जायचा. आबांनी कानस माझ्याच हातात दिली. मी उजव्या दाढा घासल्या, प्रत्येकीवर बोट फिरवलं, मग आबांनी फिरवलं. मिठाच्या पाण्यानं तोंड धुतलं. दहा दिवस लगाम बंद. चाचांनी व्यापाऱ्याला येऊ नकोस म्हणून निरोप धाडला.

पण नाव गेलं होतं त्याचं काय? चाचा म्हणाले, "बेटा, दाढा तू नीट केल्यास. आता खोडी नीट कर." शिक्षा त्यांनीच ठरवली. जखम भरल्यावर मी बत्ताशीवर बसायचं, सगळ्या बावड्यातून फिरायचं, आणि जो विचारेल त्याला खरं काय ते सांगायचं. मी आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "न्याय बरोबर हाय."

अकराव्या दिवशी, भर सकाळी, जरीची झूल घातलेल्या बत्ताशीवर कॉलेजचा शर्ट घालून मी बसलो. लगाम चाचांच्या हातात, आबा उजव्या बाजूनं चालत, मागे सुजा आणि तिनं मुद्दाम गोळा केलेली सारी गल्ली. पहिल्याच घरातून हाक आली, "काय रं मिलिंद, लगीन ठरलं व्हय?" मी सांगितलं, "न्हाय काकू. हिच्या दाढा घासायच्या चुकवल्यात्या मी. घोडी खोडीची न्हाय." "आन् कशापायी चुकवल्यास?" "मॅच हुती." "जिकला का मग?" "न्हाय." काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. पुढे सायकलवाला, न्हावी, दूधवाला. दूधवाल्यानं किटली खाली ठेवून सगळी गोष्ट पुन्हा सांगायला लावली. सात-आठ जणांना सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की महिनाभर छातीवर बसलेलं ओझं एकेका घरापाशी उतरत चाललंय, आणि लोकांना माझ्या पापापेक्षा दगडी डोणीचं जास्त कौतुक वाटतंय.

चौकात पानपट्टीपाशी मामा उभे होते. मिशीवरून हात फिरवत ते रस्त्याच्या मधोमध आले. चाचांनी लगाम माझ्या हातात दिला. मी उजवी दोरी ओढली, अगदी हलकी, श्वास धरून. बत्ताशीनं कान हलवले आणि उजवीकडे वळली, जणू कधी दुसरीकडे गेलीच नव्हती.

"वळली की रं!" मामा म्हणाले. मग चाचांकडे पाहून, जरा खाकरून, "धाकट्या भाच्याचं चैत्रात हाय. मोकळी ठेवा हिला."

कार्यालयाच्या रस्त्यानं आम्ही पुढे निघालो. कोपऱ्यावरच्या म्हातारबाबांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि विचारलं, "आरं, हे कुणाचं पोरगं? घोड्यावर कशापायी बसलंय?" मी पाठ झालेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात घरापासून एक शब्दही न बोललेले आबा, बत्ताशीच्या गालाजवळून चालता चालता, थांबले.

"पोरगं माझं हाय, बाबा," ते म्हणाले. "हिच्या दाढा घासायच्या आमच्याकडनं राहिल्यात्या."